बाटली आडवी झाली, माणूस उभा कोणी करायचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. अशा दिवशी गोडधोड बोलावे, मंडळाच्या कामाचे कौतुक करावे आणि खाली बसावे, अशी रीत आहे. चिटणीसबाईंनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण मी निवडलेला विषय गोड नाही, हे आधीच सांगते. तो आपल्या गावात घरोघरी ठाऊक आहे आणि सभेत मात्र कोणी काढत नाही. विषय दारूचा आहे. त्यातही दारूच्या दुकानाचा नव्हे, तर दारूत बुडालेल्या माणसाच्या उपचाराचा. अशा माणसाला काही दिवस ठेवून घेऊन बरे करणारी जागा सरकारने आपल्या जवळपास करावी की नाही, आणि ती मागण्याचे काम आपण बायकांनी अंगावर घ्यावे की नाही, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

दारूविरुद्ध आपण बायका पदर खोचून उभ्या राहतो तेव्हा पहिला हात दुकानाकडे जातो. ते स्वाभाविकच आहे. दुकान डोळ्यांसमोर असते, त्याला कुलूप घालता येते. २००८ सालच्या शासकीय आदेशाने गावातल्या आणि वॉर्डातल्या स्त्रियांना मतदानाने दारूचे दुकान बंद करवून घेण्याची वाट मोकळी झाली. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात. आडव्या बाटलीला बहुमत मिळाले की दुकान बंद. महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या बायकांनी ही बाटली आडवी करून दाखवली आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात २०२१ साली ग्रामीण पोलीस दलाने, तेव्हाच्या अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने, ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. हातभट्टी गाळणाऱ्या तांड्यांवर नुसते छापे घालून न थांबता, त्या कुटुंबांना दुसरा कामधंदा मिळवून द्यावा, असा तो विचार होता. विचार फार चांगला होता. कारण चूल विझवायची तर तिच्या जागी दुसरी चूल पेटवून द्यावी लागते.

पण भगिनींनो, पाहा. विकणाऱ्याचा विचार झाला, गाळणाऱ्याचा विचार झाला, पिणाऱ्याचे काय? दुकानाला कुलूप लागले त्या संध्याकाळी त्याच्या अंगातली तलफ काही बंद होत नाही. तो पुढच्या गावाला जातो. आपले गाव तर सीमेवरचे. एका राज्याचे दुकान मिटले तर दुसऱ्या राज्याचे फार दूर नाही.

याबाबतीत गडचिरोली जिल्ह्यापासून आपण शिकावे. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था आणि गावोगावच्या स्त्रिया यांनी मोठी चळवळ केली आणि १९९३ साली सरकारने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. केवढा मोठा विजय! तरीही २३ वर्षांनी, २०१६ साली, त्याच जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ नावाचा नवा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. राज्य सरकार, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून तो सुरू केला. त्यात गावाची बंदी बळकट करणे तर होतेच. पण त्याबरोबर तालुक्याच्या ठिकाणी व्यसनी माणसांसाठी दवाखाना आणि गावागावांत उपचाराची शिबिरे हेही होते. म्हणजे ज्यांनी बंदीसाठी आयुष्य वेचले, त्यांनाच पुढे उपचाराची खिडकी उघडावी लागली. बंदी खोटी ठरली म्हणून नव्हे. बंदी हा कामाचा एक हात झाला, दुसरा हात उपचाराचा. एका हाताने टाळी वाजत नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठलीदेखील. सरकारी हुकूम येतात आणि जातात. माणसाचे यकृत आणि मेंदू मात्र त्या हुकमाप्रमाणे बदलत नाहीत.

आता थोडे त्या माणसाच्या शरीराविषयी बोलू. हे आपणांस ठाऊक असणे फार आवश्यक आहे. कारण रात्री दोन वाजता त्याच्या उशाशी डॉक्टर नसतो, आपण असतो.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी तोडली, की काही तासांतच हात थरथरू लागतात. घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींचे भान सुटते. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, कोणी मारायला आले असे वाटते, घरच्या माणसांची ओळख राहत नाही. आपल्याकडे अशा वेळी घरातले कोणीतरी म्हणते, “अक्का, हे काही दुखणे नव्हे, हे बाहेरचे आहे.” मग त्या माणसाला गाडीत घालून गाणगापूरला नेले जाते. गाणगापूर आणि अक्कलकोट, दोन्ही आपली श्रद्धास्थाने आहेत. दर्शनाला जरूर जावे. पण ही अवस्था भुताची नव्हे, दारू तुटल्याची आहे. वेळेवर औषध मिळाले नाही तर त्यात जीवही जातो. म्हणून आधी दवाखाना, मग देऊळ. देव रागावणार नाही.

आता लक्षात येईल, की “मनात आणले तर आज सोडेल” हे आपले नेहमीचे वाक्य किती अपुरे आहे. मनात आणणे लागतेच. पण जो फार पिणारा आहे, ज्याला पूर्वी फिट आली आहे, ज्याचे भान एकदा सुटून गेले आहे, ज्याला कावीळ झाली आहे किंवा जो जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे बोलतो, त्याने घरी शपथ घेऊन एकाएकी दारू सोडणे धोक्याचे आहे. त्याला रुग्णालयातली खाट हवी, नर्सचे लक्ष हवे, ठरलेल्या मात्रेत कमी करत नेलेली औषधे आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व हवे. सगळ्यांनाच दाखल करावे लागते असे नाही. पुष्कळांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी राहूनही उपचार घेता येतात. परंतु ज्याला खाट लागते, त्याला ती लागतेच.

आणि शरीरातले विष उतरले म्हणजे काम संपले असेही नाही. ती सुरुवात. विष आठवडाभरात उतरते. सवय, लाज, खोटे बोलण्याची ओढ, संध्याकाळ झाली की अस्वस्थ होणारे मन, हे सगळे तसेच शिल्लक असते. त्यासाठी काही आठवडे एका शिस्तीच्या घरात राहण्याचा उपचार असतो. तो कसा असतो, हे आपल्या महाराष्ट्रातल्याच एका उदाहरणाने सांगते.

१९८६ साली पुण्यात गर्द नावाचे विष तरुण मुलांत पसरले होते. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलेले लेख पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी वाचले आणि या मुलांसाठी काही करावे म्हणून एक लाख रुपयांची देणगी पुढे केली. अनिल अवचट यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात काम करत होत्या. त्या रुग्णालयाच्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिताताईंनी ते आईच्या मायेने आणि शिक्षिकेच्या शिस्तीने वाढवले. १९९७ साली त्या कर्करोगाने गेल्या. पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी कामाची धुरा घेतली. अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत निवर्तले. काम मात्र चालू आहे.

तेथला उपचार ३५ दिवसांचा. पहाटे उठायचे, आपली जागा आपण झाडायची, योगासने करायची, गटात बसून आपली हकीकत खरी खरी सांगायची, समुपदेशकाशी बोलायचे. विशेष म्हणजे तेथे काम करणाऱ्यांपैकी पुष्कळजण पूर्वी स्वतः व्यसनी होते. नव्याने आलेल्या माणसाला उपदेश नको असतो. त्याला समोर जिवंत पुरावा हवा असतो, की यातून माणूस बाहेर येतो. घरच्यांनाही बोलावले जाते. बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. घरी गेल्यावर पुन्हा पुन्हा येत राहण्याची, पाठपुराव्याची व्यवस्था असते. व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा निराळा विभाग काढावा लागला.

या गोष्टीत मला एक फार महत्त्वाचे दिसते. देणगी नागरिकांची होती, कष्ट एका बाईचे होते आणि जागा सरकारी रुग्णालयाची होती. तिन्ही एकत्र आले तेव्हा दार उघडले. सरकारने काही केले नसते तर देणगी पडून राहिली असती. नागरिकांनी काही केले नसते तर जागा रिकामी राहिली असती.

आता आपल्या देशाचा हिशेब पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशभर पाहणी केली; तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांत दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले. त्यांतले सगळेच व्यसनी नव्हेत; पण दारूपायी ज्यांना मदतीची गरज आहे असे लोक ५ कोटी ७० लाखांहून अधिक. आता पुढचा आकडा लक्ष देऊन ऐका. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला काही ना काही उपचार मिळाला होता, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांमागे एक. आपल्या मंडळाच्या सभेला समजा १८० बायका जमल्या आणि प्रत्येकीच्या घरी एक असा रुग्ण असला, तर खाट मिळाली ती एकीच्या नवऱ्याला. बाकीच्या १७९ जणी हात चोळत बसल्या.

कोणी विचारील, “अहो, पण दारुड्यासाठी सरकारने पैसा का घालायचा? त्याने स्वतःच्या हाताने प्याला तोंडाला लावला. आम्ही का भरायचे?” हा प्रश्न वाईट नाही, आणि विचारणारी बहुधा सोसलेली असते. तिला मी तीन उत्तरे देईन.

पहिले उत्तर असे, की एके काळी बाळंतपणदेखील घरचा मामला समजत. सुईण यायची, दार लोटले जायचे, बाई वाचली तर वाचली. आज बाळंतिणीसाठी सरकारी खाट असणे आपल्याला हक्काचे वाटते. क्षयरोगाचेही तसेच. पूर्वी क्षयी माणूस घराच्या कोपऱ्यात खोकत मरायचा आणि घरचे ते लपवायचे. आज त्याचे औषध सरकार फुकट देते, आणि तो बरा होतो. ज्या दुखण्याने एक माणूस पडतो आणि चारजण ओढले जातात, ते दुखणे एकट्या घराचे राहत नाही.

दुसरे उत्तर पैशाचे. दारूवरच्या करातून राज्याच्या तिजोरीत दरवर्षी हजारो कोटी रुपये जमा होतात. हा पैसा कोणाच्या खिशातून येतो? आपल्या आडत बाजारात दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाच्या खिशातूनही तो येतो. त्याच्या बायकोच्या हाती मजुरी पडण्याआधी तो गेलेला असतो. तेव्हा त्यातला थोडा हिस्सा उपचाराच्या खाटेसाठी परत मागणे ही भीक नव्हे. आपल्याच पोत्यातले धान्य आपण मागतो आहोत. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानेही लोकांचे आरोग्य सुधारणे आणि मादक पदार्थांना आळा घालणे याकडे राज्याचे लक्ष वेधले आहे.

तिसरे उत्तर कायद्याचे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि मादक पदार्थांच्या सेवनाने होणाऱ्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. सरकारी किंवा सरकारी मदतीच्या सेवेतून उपचार मिळणे हा या कायद्याने प्रत्येकाचा हक्क केला आहे. जो दारिद्र्यरेषेखाली आहे, निराधार आहे, बेघर आहे, त्याला तो विनामूल्य मिळाला पाहिजे. त्याच्या हाती दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो. आपण दयेची याचना करत नाही, कायद्याने दिलेली गोष्ट मागतो, हे आपण नीट ध्यानात ठेवले पाहिजे.

सरकार काहीच करत नाही, असे मी म्हणणार नाही. ते खरे होणार नाही. केंद्र सरकार स्वयंसेवी संस्थांना निवासी व्यसनमुक्ती केंद्रे चालवण्यासाठी अनुदान देते. काही सरकारी रुग्णालयांत व्यसनोपचाराची सोय केलेली आहे. १५ ऑगस्ट २०२० पासून ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झाले. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मदत क्रमांक आहे. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. दोन्ही विनामूल्य आहेत. ते आपण आज घरी जाताच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावेत. पण फोन म्हणजे खाट नव्हे. फोनवर धीर मिळतो, पत्ता मिळतो. थरथरणाऱ्या माणसाला निजवायला जागा लागते, आणि ती जागा आपल्यापासून किती लांब आहे, हा खरा प्रश्न आहे.

आपली दुधनी रेल्वेवर आहे, एवढे आपले भाग्य. एका बाजूला सोलापूर, दुसऱ्या बाजूला कलबुर्गी. पुण्याला जायचे तर सोलापूरहून पुढे अडीचशे किलोमीटर. आता एका मजूर बाईच्या बाजूने हिशेब मांडू या. नवरा महिनाभर उपचाराला गेला. उपचार फुकट आहे असे धरू. तरी त्याची महिन्याची मजुरी बुडाली. भेटीला बोलावले की तिचे जाण्यायेण्याचे भाडे, तिचीही दोन दिवसांची मजुरी, मुलांना कोणाकडे ठेवायचे ते निराळेच. फुकट औषध असे महाग पडते. दूरच्या फुकट खाटेपेक्षा जवळची खाट गरिबाला खरी स्वस्त.

जवळ असण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते सीमेवरच्या माणसालाच कळेल. समुपदेशन हा बोलण्याचा उपचार आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत चुलीपाशी कन्नड आणि शाळेत मराठी. माणूस ज्या भाषेत आईशी भांडला, त्याच भाषेत तो मनातले खरे बोलतो. दूरच्या शहरात त्याला शब्दच सुचले नाहीत तर तो मान डोलावून ३५ दिवस काढील आणि तसाच परत येईल. आपल्या भागाला दोन्ही भाषा जाणणारा समुपदेशक हवा, ही मागणी कोणी दूरचा माणूस आपल्या वतीने करणार नाही. ती आपणच केली पाहिजे.

आपण मोठी इमारत मागू नये. मोठ्या इमारतीची कोनशिला बसते आणि पावसाळे जातात. आपण थोडे मागावे आणि नेमके मागावे. एक, अक्कलकोटच्या सरकारी रुग्णालयात दारू सोडणाऱ्यांसाठी चार-सहा खाटा राखाव्यात आणि नर्सना त्याचे शिक्षण द्यावे. दोन, आठवड्यातून एक दिवस मानसोपचाराचे डॉक्टर तेथे यावेत. बाजाराच्या दिवशी आले तर फारच उत्तम, म्हणजे मजुरी बुडणार नाही. तीन, ज्याला दीर्घ मुक्कामाचा उपचार लागेल त्याला सोलापूरच्या सरकारी सर्वोपचार रुग्णालयात किंवा अनुदानित केंद्रात पाठवण्याची चिठ्ठी आणि प्रवासाची सोय येथूनच व्हावी. चार, परत आलेल्या माणसाची विचारपूस वर्षभर व्हावी. कारण हे दुखणे मधुमेहासारखे आहे, ते पुन्हा डोके वर काढते. पुन्हा प्याला म्हणून त्याला टाकून देऊ नये. पुन्हा ताप आला म्हणून आपण लेकराला टाकतो का?

आणि खाटा मिळेपर्यंत काय? तमिळनाडूतल्या एका बाईंनी याचे उत्तर काढून ठेवले आहे. शांती रंगनाथन यांचे पती दारूपायी ऐन तारुण्यात गेले. त्यांनी १९८० साली चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, पतीच्या नावाने संस्था काढली आणि व्यसनी रुग्णांसाठी निवासी रुग्णालय उभारले. सरकारने त्यांना १९९२ साली पद्मश्री दिली. पुढे त्यांच्या ध्यानात आले, की खेड्यातला मजूर महिनाभर शहरात येऊन राहू शकत नाही. मग १९८९ साली मंजक्कुडी या खेड्यात त्यांनी पंधरा दिवसांचे निवासी शिबिर घेतले. जागा गावाने दिली. डॉक्टर आणि समुपदेशक रुग्णालयाने आणले. रुग्ण एकाच पंचक्रोशीतले असल्यामुळे घरी गेल्यावर त्यांना एकमेकांचा आधार झाला. बायकांनाही सगळे समजावून सांगितले गेले. भगिनींनो, शाळेला सुटी लागली की आपल्या गावात दोन खोल्या मोकळ्या मिळणार नाहीत का? सरकारने डॉक्टर आणि औषधे द्यावीत, नगरपरिषदेने जागा आणि पाणी द्यावे, आणि आपण मंडळाने भाकरी थापाव्यात. हे मागणे अवघड आहे असे मला वाटत नाही.

येथे दोन धोक्याच्या सूचना देते. जाहिराती असतात, “पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा.” जेवणात चोरून पूड कालवायची. अशा पुड्यांत काय आहे हे कोणाला ठाऊक नसते. दारूबरोबर त्रास व्हावा म्हणून दिले जाणारे एक औषध खरोखर आहे. पण ते डॉक्टरांनी तपासून, रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने द्यायचे असते. चोरून दिले आणि तो वर प्याला, तर जिवावर बेतते. दुसरी सूचना अशी, की व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसाला डांबून, मारून ठेवणाऱ्या जागाही असतात. कायद्याने केंद्राची नोंदणी सक्तीची आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. नोंदणीचा कागद पाहिल्याशिवाय आणि घरच्यांना भेटू देतात की नाही हे विचारल्याशिवाय कोणाला कोठेही ठेवू नका. सरकारी सोय जवळ नसली की अशा जागांचे फावते, हेही लक्षात असू द्या.

आता थोडे आपल्याविषयी. नवरा पितो आणि बायको लपवते. पोरांना सांगते, “बाबांना बरे नाही.” मालकाला निरोप धाडते, “ताप आलाय.” दुकानदाराची उधारी ती फेडते. ती हे प्रेमाने आणि लाजेने करते. पण त्यामुळे त्याला स्वतःच्या दारूचा हिशेब कधी द्यावा लागत नाही. अमेरिकेत १९३५ साली दारुड्यांनी एकमेकांना सावरण्यासाठी ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ काढली, आणि पुढे १९५१ साली त्यांच्या संस्थापकाच्या पत्नी लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने घरच्यांसाठी निराळी संघटना उभी राहिली. कारण तिकडच्या बायकांचेही हेच होते. घरोघरी मातीच्या चुली, हे सातासमुद्रापलीकडेही खरे. मार खात राहणे हा मात्र उपचाराचा भाग नव्हे. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि आपले मंडळ आहे. तो आजारी आहे म्हणून त्याला हात उगारण्याची मुभा मिळत नाही.

आणि व्यसन फक्त पुरुषालाच जडते असे समजून आपण सुखाने बसू नये. मिश्रीची डबी कितीजणींच्या कनवटीला आहे, ते मी आज विचारत नाही, वर्धापनदिन आहे! पण बाईला दारूचे किंवा झोपेच्या गोळ्यांचे व्यसन लागले तर तिला उपचाराला नेण्याचीही घरात कोणाला लाज वाटते. राखीव खाटांत एक खाट बाईसाठी असली पाहिजे.

शेवटी मंडळाने काय करावे, ते थोडक्यात सांगते. मी सांगितलेल्या चार मागण्यांचा अर्ज लिहावा, त्यावर जास्तीत जास्त बायकांच्या सह्या घ्याव्यात आणि तो नगरपरिषदेकडे, आरोग्य खात्याकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा. पोच घ्यावी आणि दर महिन्याला विचारणा करावी. महिन्यातून एका दुपारी ज्यांच्या घरी हे दुखणे आहे त्यांनी मंडळात बसावे. तेथे बोललेले बाहेर जाऊ नये, एवढा एकच नियम. आणि तिसरी गोष्ट मुठीच्या धान्याची. रोज भात-भाकरीचे धान्य काढताना एक मूठ बाजूला ठेवण्याची रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती. ती मूठ मंडळात जमा करावी. ज्या घरचा कर्ता माणूस उपचाराला जाईल, त्या घरी तितके दिवस ते धान्य पोचवावे. खाट सरकारने द्यावी. तो खाटेवर असेपर्यंत त्याची चूल आपण विझू देऊ नये. मग “मी गेलो तर पोरे काय खातील?” हे त्याचे कारण उरणार नाही, आणि “त्याला धाडू कसा?” ही तिची अडचणही उरणार नाही.

दुकानापुढे उभे राहायला धैर्य लागते. ते आपल्यापाशी आहे. सरकारी कचेरीच्या बाकावर पुन्हा पुन्हा जाऊन बसायला चिकाटी लागते. तीही आपल्यापाशी आहे, कारण वर्षानुवर्षे रात्री दाराकडे कान लावून बसण्याची चिकाटी ज्यांनी दाखवली, त्यांना कचेरीचे बाक जड नाही. अर्जाचा मसुदा मी बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर चिटणीसबाईंच्या मेजावर तो ठेवते. ज्यांना पटले त्यांनी सही करावी, ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्यावा, आणि ज्यांना शंका आहे त्यांनी मला थांबवून विचारावे.